आकडा खरा हवा

चातुर्मास लागला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या बाजारपेठांना सजावटीचे वेध लागतात. पर्युषण, गणेशोत्सव, नवरात्र आणि भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण घेऊन येणारी दिवाळी असे सण एकामागोमाग येतात. ठाण्याच्या स्टेशन परिसरात, डोंबिवलीच्या फडके रोडवर, कल्याणच्या शिवाजी चौकाजवळ दुकानांच्या छताखाली कागदी कंदील, कापडी तोरणे, पुठ्ठ्याच्या चांदण्या आणि पताका झुलू लागतात. दुकानात शिरणाऱ्या ग्राहकाची नजर प्रथम वर जाते आणि मग मालाकडे वळते, हे प्रत्येक जाणता व्यापारी ओळखून असतो. परंतु ती शोभा वर कशाच्या आधाराने टांगली आहे, याचा विचार क्वचितच होतो.

अलीकडे हा आधार अनेक ठिकाणी चुंबकाचा असतो. बोटाच्या पेराएवढी पोलादी वाटी, तिच्यात बसवलेले चुंबक आणि खाली लोंबणारा छोटा आकडा. भिंतीला भोक नाही, खिळा नाही, हातोडा नाही.

मराठीत ‘आकडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वस्तू अडकवायची वाकडी तार हाही आकडा आणि हिशेबातली संख्या हाही आकडाच. चुंबकी आकड्याच्या पाकिटावर हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. आत तारेचा आकडा असतो आणि बाहेर ‘दहा किलो’ किंवा ‘पंधरा किलो’ असा आकडा छापलेला असतो. आतला आकडा पारखणे सोपे. बाहेरचा मात्र समजून घ्यावा लागतो. ही वस्तू घरी तयार करणाऱ्याला, दुकानात वापरणाऱ्याला आणि गल्ल्यावर बसून विकणाऱ्याला, तिघांनाही ते आवश्यक आहे.

सजावट हलकी का झाली?

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती तरी थर्माकोलला सवलत मिळावी, असा प्रयत्न व्यावसायिकांनी केला; परंतु जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती देण्यास नकार दिला. तेव्हापासून कागद, पुठ्ठा, कापड आणि बांबू यांच्याकडे सजावटकारांचा कल वाढला. मुंबईचे कलाकार नानासाहेब शेंडकर यांनी ‘उत्सवी’च्या माध्यमातून पुठ्ठ्याची घडीची मखरे त्यापूर्वीच लोकांपुढे आणली होती. बंदीनंतर हा मार्ग अनेकांनी धरला.

कागदाची सजावट किती हलकी असते, याचा हिशेब सोपा आहे. नेहमीच्या ८० ग्रॅम जाडीचा ए-फोर आकाराचा एक कागद जेमतेम पाच ग्रॅम भरतो. सहा कागदांचा कंदील दोरा आणि खळ धरूनही ४० ग्रॅमच्या आसपास राहतो. एवढ्याशा भारासाठी स्लॅबमध्ये ड्रिल मशीन चालवणे म्हणजे मुंगीवर मेरू ठेवण्यासारखे आहे.

शिवाय स्लॅबला भोक पाडण्यात जोखीम असते. आपल्याकडील इमारतींत पंख्याच्या आणि दिव्याच्या वायरी नेणाऱ्या नळ्या बहुधा स्लॅबच्या पोटातून जातात. त्या नेमक्या कोठून गेल्या आहेत, हे खालून दिसत नाही. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखाली भोक पडले तर ओलीला वाट मिळते. घर किंवा गाळा भाड्याचा असेल, तर करार संपताना प्रत्येक भोकाचा हिशेब अनामत रकमेतून होतो.

चुंबक कोठे धरते आणि कोठे नाही

घरी करणाऱ्यांची पहिली निराशा येथेच होते. काँक्रीटच्या स्लॅबला चुंबक चिकटत नाही. आत लोखंडी सळ्या असतात हे खरे. परंतु भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबमधील सळईवर किमान २० मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन लागते आणि त्याखाली पुन्हा गिलावा व पुट्टी असते. एवढ्या अंतरावरून छोट्या चुंबकाची ओढ पोहोचत नाही. संगमरवर, लाकूड, अॅल्युमिनियम आणि पितळ यांनाही ते धरत नाही. स्वयंपाकाच्या ओट्याजवळचे चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील त्याला बहुधा दाद देत नाही. म्हणून टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालयासारख्या दगडी-संगमरवरी वास्तूंत हा उपाय उपयोगाचा नाही. तेथे मूळचेच कडी-कोयंडे वापरावेत.

मग ते धरते कोठे? दुकानांत आणि कार्यालयांत चौकोनी फरश्यांचे जे फॉल्स सीलिंग असते, त्याच्या उलट्या ‘टी’ आकाराच्या पट्ट्या सहसा जस्त चढवलेल्या पोलादाच्या असतात. चुंबकी आकड्याचे हे खरे माहेरघर. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जेथे एके काळी कारखान्यांच्या शेड होत्या, तेथे आज अनेक इमारतींत कार्यालये आहेत आणि त्यांच्या डोक्यावर हीच जाळी आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील शेडचे पोलादी कैचे आणि तुळया, दुकानाचे रोलिंग शटर, घरच्या खिडकीची लोखंडी ग्रिल, पत्र्याचे कपाट आणि दाराची लोखंडी चौकट यांवरही चुंबक बसते.

घरातील जिप्समच्या फॉल्स सीलिंगचे मात्र वेगळे आहे. पोलादी सांगाडा साडेबारा मिलिमीटर जाडीच्या पाटीच्या वर लपलेला असतो. खालून लावलेले चुंबक अगदी हलकी कागदी चांदणी तेवढी पेलू शकते, तीही स्क्रूच्या डोक्याखाली. तो स्क्रू शोधण्याची युक्ती जुन्या सुतारांना ठाऊक आहे. एक लहान चुंबक छतावरून हळूहळू फिरवावे. जेथे ते ओढ घेईल, तेथे आत लोखंड आहे असे समजावे.

खरेदीला निघण्यापूर्वी फ्रिजवरचे एखादे चुंबक हाती घेऊन घरातील आणि दुकानातील जागा अशा तपासून घेतल्या, तर निम्मा खर्च आणि पुढची सगळी चिडचिड वाचते.

आकडा तयार करण्याची रीत

काळ्या रंगाचे, स्वस्त फेराइट चुंबक पूर्वीपासून बाजारात आहे. छोट्या आकारात मोठी ओढ देणारे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक मात्र १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात आले. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधील जॉन क्रोट यांनी ते स्वतंत्रपणे विकसित केले. दहा मिलिमीटर व्यासाची आणि तीन मिलिमीटर जाडीची अशी चकती दोन ग्रॅमही भरत नाही; परंतु जाड पोलादावर सरळ दीड ते दोन किलोची ओढ धरते.

घरी किंवा छोट्या कारखान्यात आकडा करायचा तर पुढील साहित्य पुरते: मध्ये शंकूच्या आकाराचे भोक असलेली २० मिलिमीटर व्यासाची निओडिमियमची चकती, त्या भोकात डोके पूर्ण बसेल असा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, चकतीएवढा दीड-दोन मिलिमीटर जाडीचा लोखंडी वॉशर, दोन नट आणि आकड्यासाठी कडक तार. टी-पट्टीची रुंदी साधारणपणे २४ मिलिमीटर असते, म्हणून २० मिलिमीटरची चकती तीवर नेमकी बसते. पट्टी १५ मिलिमीटरची असेल, तर चकतीही तेवढीच लहान घ्यावी.

स्क्रू चकतीच्या वरच्या बाजूने घालावा. त्याचे डोके चकतीच्या पातळीपेक्षा किंचित आत राहिले पाहिजे. ते वर आले तर चकती आणि छत यांत फट राहते आणि सगळी मेहनत फुकट जाते. खालून लोखंडी वॉशर सरकवून पहिला नट बोटाने घट्ट करावा. पान्याने आवळू नये, कारण हे चुंबक चिनी मातीसारखे ठिसूळ असते. तारेला एका टोकाला कडे आणि दुसऱ्या टोकाला आकडा असा आकार द्यावा, कडे स्क्रूवर घालावे आणि दुसऱ्या नटाने धरून ठेवावे. चुंबकामागच्या लोखंडी वॉशरमुळे पाठीमागे वाया जाणारी ओढ थोडीफार पुढे वळते. तयार आकड्यांत पोलादी वाटी असते तीही याच कारणाने.

चुंबकाला स्वतः भोक पाडण्याचा मोह टाळावा. ते तडकते आणि त्याची पूड पेट घेऊ शकते. डाग देऊन जोडकामही करू नये. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्याची शक्ती घटू लागते आणि ती सगळी परत येत नाही.

कंदील आणि फुले चिकटवण्यासाठी काही ठिकाणी आजही सरस वापरतात. सरस प्राण्यांचे कातडे आणि हाडे यांपासून तयार होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. कागदाला गव्हाच्या पिठाची खळ उत्तम चालते. लाकडाला आणि पुठ्ठ्याला कृत्रिम गोंद आहे. महुव्याच्या बळवंतराय पारेख यांनी १९५९ मध्ये ‘फेविकॉल’ बाजारात आणले, ते सुतारांच्या हातातील सरसाला पर्याय म्हणूनच.

शिडीविना टांगणी

सणासुदीच्या घाईत स्टुलावर स्टूल ठेवून चढणे हा घरोघरचा धोका आहे. चुंबकी आकड्याचा मोठा लाभ येथे मिळतो. वीजजोडणीसाठी मिळणारी २० मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची पोकळ नळी घ्यावी. तिच्या वरच्या टोकाला समोरासमोर दोन उभ्या खाचा कापाव्यात. आकडा नळीत सोडला की चकती काठावर टेकते आणि सजावटीचा दोरा खाचेतून बाहेर येतो. जमिनीवर उभे राहून नळी पट्टीखाली नेली की चुंबक आपसूक चिकटते. काढताना सरळ खाली ओढू नये. आकडा पट्टीच्या काठाकडे सरकवून तिरका केला की अलगद सुटतो. हे काम करताना पंखा बंद असावा आणि नळी दिव्यांपासून दूर राहावी.

बाल्कनीत किंवा दुकानाबाहेर टांगताना नायलॉनऐवजी सुती दोरा घ्यावा. सण सरल्यावर लोंबत राहिलेला नायलॉनचा धागा पाखरांच्या पंखांना आणि पायांना गळफास ठरतो. सुती दोरा निदान कुजून तुटतो. तरीही तो सोडवून आणणे हे टांगणाऱ्याचेच काम आहे.

पाकिटावरचा आकडा

‘दहा किलो’ हा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो, अपुरा असतो. जाड, सपाट, स्वच्छ, रंग न दिलेल्या पोलादी ठोकळ्यावर चुंबक लावून ते सरळ खाली ओढले असता जेवढ्या ओढीला सुटते, तेवढी ती संख्या. आपले छत तसा ठोकळा नसते.

पहिला फरक जाडीचा. फॉल्स सीलिंगच्या पट्टीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. चुंबकाची सगळी ओढ सामावून घेण्याइतके लोखंडच तेथे नसते. दुसरा फरक अंतराचा. रंगाचा थर, धूळ किंवा कागदाची घडी मध्ये आली की ओढ झपाट्याने उतरते. लहान चुंबकाबाबत एका मिलिमीटरची फटही ती निम्म्यावर किंवा त्याखाली आणू शकते. तिसरा फरक दिशेचा. कपाटाच्या किंवा शटरच्या उभ्या पत्र्यावर चुंबक केवळ घर्षणाने टिकते. तेथे सरळ ओढीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावरच भरवसा ठेवावा.

चौथा फरक कित्येकांच्या ध्यानात येत नाही, तो तोरणाच्या ताणाचा. तीन मीटर अंतरावरच्या दोन आकड्यांना दोरी बांधून मध्यावर २०० ग्रॅमचा कंदील टांगला आणि दोरीला केवळ १५ सेंटिमीटर झोळ दिला, तर दोरीचा ताण प्रत्येक टोकाला सुमारे एक किलो होतो. झोळ ३० सेंटिमीटर केला की तो जवळपास निम्म्यावर येतो. ताठ बांधलेले तोरण सुबक दिसते. पण आकड्याला तेच सर्वांत जड जाते. शिवाय ही ओढ आडवी असते, म्हणजे चुंबकाच्या दुबळ्या बाजूने.

यावर उपाय अवघड नाही. सजावट आधी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवावी. प्रत्यक्ष छताला आकडा लावून त्याला सजावटीच्या तिप्पट वजनाची, पडली तरी कोणाला इजा होणार नाही अशी तांदळाची पिशवी टांगावी. पंखा चालू ठेवून एक दिवस-रात्र जाऊ द्यावी. पिशवी जागची हलली नाही, तर तो आकडा त्या जागेपुरता खरा. काचेचे झुंबर, धातूची घंटा किंवा तेवता दिवा चुंबकावर कधीही टांगू नये. पाळण्यावर, पलंगावर आणि गिऱ्हाईक उभे राहते त्या गल्ल्यासमोर तर हलकी वस्तूही विचारपूर्वक लावावी. पट्ट्यांची जाळी स्वतः तारांवर लोंबत असते, म्हणून भार एकाच ठिकाणी न देता पसरून द्यावा.

विकणाऱ्याचा शब्द

येथवरचा विचार वापरणाऱ्याचा झाला. विकणाऱ्याची जबाबदारी त्याहून मोठी आहे. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार शास्त्रात सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ हे दोन येतात. एक मापातली खोट, दुसरा अस्सलाच्या जागी नकली देणे. चांदीसारखा मुलामा दिलेले फेराइट निओडिमियमच्या भावाने देणे हा प्रतिरूपक व्यवहारच होय. पत्र्याच्या पट्टीसाठी आकडा मागणाऱ्याला जाड ठोकळ्यावरची संख्या निःसंकोच ऐकवणे हीही एका परीने मापातलीच खोट. तराजू समोर नसला तरी तोल शब्दाचा होत असतो.

कायदाही हेच वेगळ्या भाषेत सांगतो. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, परदेशी मालाचा मूळ देश, नग, किंमत आणि ग्राहक-तक्रारीसाठीचा संपर्क असणे २०११च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी काही परिस्थितींत विक्रेत्यावरही येते. उत्पादकाने न दिलेली हमी विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिली आणि वस्तू त्या हमीला उतरली नाही, तर ती त्यांतलीच एक परिस्थिती. ‘शेठ, दहा किलो डोळे मिटून लावा’ हे वाक्य म्हणूनच जपून उच्चारावे. त्याऐवजी ‘कशावर लावणार?’ हा प्रश्न विचारणारा दुकानदार एखादी विक्री गमावेल, पण गिऱ्हाईक टिकवेल.

आणखी दोन गोष्टी विकतानाच सांगाव्यात. लहान मुलाने एकाहून अधिक चुंबके गिळली तर ती आतड्याच्या दोन वळणांना मध्ये दाबून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते. अशी नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. हृदयाच्या गतिनियामक यंत्रापासून, म्हणजे पेसमेकरपासून, ही चुंबके किमान १५ सेंटिमीटर दूर असावीत. घरातील वडीलधाऱ्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवू नयेत.

पुढचा बाजार

या छोट्या वस्तूचा धागा मोठ्या जगाशी जोडलेला आहे. निओडिमियम चुंबकांच्या उत्पादनात आज चीनचा वरचष्मा आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी त्या देशाने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांचा वापर असलेली चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा भारतातील वाहन उद्योगालाही काळजी वाटू लागली. केरळ, तामिळनाडू आणि ओडिशा येथील किनाऱ्यांच्या वाळूत ही मूलद्रव्ये आहेत. त्यांच्यासाठी इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० मध्येच स्थापन झाली. परंतु वाळूपासून तयार चुंबकापर्यंतची साखळी देशात पुरेशी उभी राहिली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबकांची क्षमता देशात निर्माण करण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली.

चुंबक देशी असो वा आयात केलेले, आकड्याचे उरलेले काम मात्र पत्रा कापणाऱ्या, वाटी दाबणाऱ्या, तार वळवणाऱ्या आणि मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्याच्या आवाक्यातले आहे. ठाणे आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींना अशी कामे नवी नाहीत. घरातील नवी पिढी दुकानाला जोडधंदा शोधत असेल, तर तिने पाकिटावर दोन ओळी अधिक छापाव्यात: जाड पोलादावर एवढे आणि छताच्या पातळ पट्टीवर एवढे. दुसरी संख्या लहान असेल. पण तीच ग्राहकाच्या उपयोगाची.

सण संपल्यावर आकडे एकमेकांना चिकटू न देता, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे घालून, झाकणाच्या डब्यात मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. मोजून ठेवावेत आणि डब्यावर नग लिहावेत. पुढच्या चातुर्मासात डबा उघडताना तोही आकडा बरोबर निघाला पाहिजे.